चपलांच्या रांगेतली कुबडी

माणसाला आधार लागतो, यात कमीपणा नाही. परंतु तो लागत नाही असे भासवण्याची सवय एकदा अंगी मुरली, की तिच्यामागून संकट सावकाश पावले टाकीत येते, आणि बहुधा ते सज्जनांच्याच दारी येते. धीट माणूस आपली वेदना चारचौघांत बोलून मोकळा होतो. मर्यादेत वाढलेला माणूस ती वस्त्राआड झाकतो आणि हात जोडून उभा राहतो. पाहणाऱ्याला केवळ त्याचे उभे राहणे दिसते, आणि त्यावरच निवाडा होतो.

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. हल्याळकडच्या रानातल्या सागाच्या लाकडाची मी. धारवाडच्या एका वृद्ध सुताराने मला घडवले. त्याने रंधा मारून माझे अंग गुळगुळीत केले, जवसाचे तेल पाजले आणि आपला स्वतःचा भार माझ्यावर टाकून पाहिला. "अक्का, ही तुमच्या तम्माला टाकणार नाही," तो म्हणाला. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ज्यांना तो हे म्हणाला त्या हेमावतीबाईंनी आपले जुने इरकली पातळ फाडून त्याच्या घड्या केल्या आणि काखेत येणाऱ्या माझ्या माथ्यावर मऊ गादी शिवली. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी मला हात लावला नाही.

त्यांचा धाकटा भाऊ जयतीर्थ हा माझा धनी. हुबळीजवळच्या तारिहाळमधल्या एका कारखान्यात तो लोखंड कातण्याच्या लेथवर काम करीत असे. एके दिवशी भार उचलणारी साखळी सुटली आणि ओतीव लोखंडाचा ठोकळा त्याच्या कमरेवर आला. प्राण वाचले, परंतु उजव्या पायाची जाणीव कायमची गेली. तो पाय हलतो. मात्र आपल्याखाली जमीन आहे की पोकळी, हे त्याला उमगत नाही. गुडघा केव्हा दगा देईल याचा नेम नाही.

जुना मालक दयाळू होता. त्याने जयतीर्थाला नगांची तपासणी करण्याचे बैठे काम दिले. धारवाडातल्या मळमड्डीहून बस गाठायची, गर्दीत माझ्यावर रेलून उभे राहायचे, कुणी तरी मला पाहून जागा द्यायचा. ते माझे सुखाचे दिवस होते. कारखान्यातली माणसे मला कौतुकाने 'जयण्णांची बायको' म्हणत, आणि ब्रह्मचारी जयतीर्थ लाजून हसे.

घरी मात्र माझी जागा उंबऱ्याबाहेर, चपलांच्या रांगेत होती. सगळ्या गावची धूळ तुडवून आलेली वस्तू सोवळ्याच्या घरात कशी यावी? हेमावतीबाईंचे मन कठोर नव्हते. त्यांना त्यांच्या आईने जे शिकवले तेच त्यांनी पाळले. जयतीर्थाने तर ते वळण आणखी पुढे नेले. मठात, देवळात, वडीलधाऱ्यांच्या घरी, कोणाही मोठ्या माणसासमोर जाताना तो मला दाराशी ठेवी आणि भिंतीला हात लावीत आत जाई. वडीलधाऱ्यांपुढे काठी टेकीत जाणे त्याला उर्मटपणाचे वाटे.

मी बाहेर ऐकत राही. कधी आत धप्पकन आवाज होई. मग एखादे तांब्याचे भांडे घरंगळत जाई, आणि "अय्यो, जया!" असा दबलेला स्वर येई. सकाळी तो बाहेर येई तेव्हा कपाळावरच्या टेंगळाशेजारी अंगारा-अक्षता नीट लावलेल्या असत. त्या पडण्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढीत नसे.

मग कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला. नव्या मालकाने सांगितले, "बैठे काम हवे तर सरकारी प्रमाणपत्र आणा. नाही तर इतरांसारखे यंत्रावर उभे राहा." प्रमाणपत्र मिळाले असते तर अपंगांना मिळणारे मासिक वेतनही सुरू होणार होते. जयतीर्थाने अर्ज केला. वैद्यकीय मंडळासमोर तपासणीचा दिवस ठरला.

त्या दिवशी तो देवदर्शनाला निघाल्यासारखा निघाला. शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणे. सोबत कुणी नको म्हणाला. मंडळाच्या खोलीबाहेर काही चपला होत्या. त्यांच्याशेजारी त्याने मला अलगद भिंतीला टेकवले.

दार अर्धे उघडे होते. आतून प्रश्न आला, "आराम एनरी?" आमच्या भागात भेटणारा प्रत्येक जण असेच क्षेमकुशल विचारतो.

"आराम री, देवर दये," जयतीर्थ म्हणाला. ठीक आहे, देवाची कृपा.

बसायला सांगितले, तो बसला नाही. चालून दाखवायला सांगितले, तो भिंतीच्या कडेकडेने चालला. निघताना त्याने वाकून नमस्कारही केला. मित्रांनो, मी लाकडाची. मला ओरडता येत नाही. दारापासून चार हातांवर मी उभी होते आणि आत माझ्या धन्याचे भवितव्य माझ्यावाचून ठरत होते.

अर्ज नामंजूर झाला. आणि जयतीर्थ पुन्हा लेथसमोर उभा राहिला.

यंत्राजवळ कुबडी चालत नाही. मला विभागाच्या दाराशी ठेवीत. तिथून मला फिरते चाक दिसे, तेलाने निसरडी झालेली फरशी दिसे, आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलणारे त्याचे शरीर दिसे. काळाने हळूहळू पाळणा हलवावा तसे ते झुलणे होते. संध्याकाळी तो माझ्यावर भार टाकी तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळे, जी अजून कुणालाच ठाऊक नव्हती. त्याचा डावा, चांगला पायही आता थरथरू लागला होता.

अशातच उत्तरा आली. ती हेमावतीबाईंची लेक. हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत ती शिकवते. नकाराचा कागद वाचून ती पायरीवरच बसली.

"मामा, यात लिहिलंय, आधाराशिवाय चालतो. कुबडी कुठं होती त्या वेळी?"

"बाहेर. चपलांजवळ," जयतीर्थ म्हणाला. आपण काही चुकलो असे त्याच्या स्वरात नव्हते.

"आणि तू पायघोळ धोतर नेसून गेलास?"

"मग काय लुंगी लावून जाऊ? डॉक्टर लोक असतात की गं, तिथं."

"अरे देवा! लग्नाची मुलगी बघायला गेला होतास काय?"

हेमावतीबाई आतून म्हणाल्या, "मोठ्यांपुढं नीट जावं, त्यात काय चुकलं? उगीच मामाला बोलू नको."

"आई, मामा त्यांना पाय दाखवायला गेला होता, आणि तेवढा सोडून सगळं दाखवून आला!"

उत्तरेने त्याच दिवशी फेरविचाराची मागणी लिहिली, जुने उपचारांचे कागद जोडले आणि वरच्या मंडळाकडे दाद मागितली. मामाकडून तिने वचन घेतले: या खेपेला गुडघ्यापर्यंत गुंडाळता येईल अशी पँट घालायची, कुबडी सोडायची नाही, आणि कुणी 'आराम?' विचारले तर आराम म्हणायचे नाही. "तिसरं अवघड आहे बघ," जयतीर्थ गंभीरपणे म्हणाला.

पुढची तारीख येईपर्यंत यंत्र थांबणार नव्हते. एका दुपारी मला करपल्याचा वास आला. कापड जळते तसा, आणि त्याखाली आणखी काही तरी. जयतीर्थ शांतपणे काम करीत होता. शेजारचा कामगार ओरडला, "जयण्णा, निम्म कालु!" तुमचा पाय! लेथवरून उडालेला तापलेला लोखंडी कीस त्याच्या उजव्या बुटात शिरला होता, मोजा जाळून मांसात रुतला होता. आणि ज्याचा पाय जळत होता त्याचा चेहरा अगदी प्रसन्न होता. काय झाले ते पाहायला तो खाली वाकला, गुडघा दुमडला, आणि त्याचा खांदा त्या फिरत्या चाकाच्या दिशेने गेला. शेजाऱ्याने सदरा धरून त्याला मागे ओढले नसते, तर ही कथा इथेच संपली असती.

घरी त्याने ती जखम सांगितली नाही. पट्टी बांधून वर मोजा चढवला. परंतु हेमावतीबाईंना वास आला. फुलांचा, उदबत्तीचा, कापराचा वास ज्यांच्या रोजच्या ओळखीचा, त्यांना हा परका वास देवघरापर्यंत आलेला कळला. त्याला उंबऱ्याशी बसवून त्यांनी पट्टी सोडली.

"दुखत नाही काय रे?"

"नाही अक्का."

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरला.

दुसऱ्या तपासणीला तिघेही गेली. उत्तरा कसलीशी प्रत आणायला खिडकीपाशी गेली आणि नेमकी तेवढ्यात जयतीर्थाला हाक आली. दार उघडले. समोर वृद्ध प्रमुख डॉक्टर बसले होते. त्यांच्या कपाळावर अंगारा-अक्षता होत्या, चेहरा एखाद्या आचार्यासारखा. जयतीर्थाने ते मुख पाहिले, आणि त्याचा हात, त्याच्या नकळत, खाली आला. क्षणात मी पुन्हा चपलांच्या रांगेत होते. दार लोटले गेले.

"आराम एनरी?"

"आराम री."

मी थिजले. तोच पेच, तेच शब्द, आणि त्यांच्या शेवटी ते फिरते चाक. बाकावर हेमावतीबाई एकट्या बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. सकाळची पूजा करून, सोवळे सोडल्यावरही कुणाला न शिवता त्या आल्या होत्या. त्या उठल्या. चपलांमध्ये वाकल्या. धुळीने माखलेले माझे रबरी टोक त्यांच्या स्वच्छ पातळाला लागले, तरी त्यांनी मला दोन्ही हातांनी उराशी धरले आणि दार ढकलून त्या आत गेल्या.

"कोण तुम्ही? थांबा बाहेर," एक जण म्हणाला.

"मी याची अक्का," त्या कानडीत म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब, हा खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. घरात रोज पडतो. मी कुणाला सांगितलं नाही. ही कुबडी बाहेर ठेवायचं वळण आमचंच. जया, मोजा काढ."

"अक्का, इथं कशाला..."

"काढ म्हणते ना!"

प्रमुख डॉक्टर खुर्चीवरून उठले. त्यांनी स्वतः खाली बसून पट्टी सोडली आणि जखमेच्या कडेने दाबून पाहिले. जयतीर्थ नम्रपणे त्यांच्याकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी अधिक जोराने दाबले. तो तसाच पाहत राहिला. मग ते म्हणाले, "आता भिंतीचा हात सोडून या माझ्याकडे." जयतीर्थाने हात सोडला, एक पाऊल टाकले, आणि खोलीच्या मधोमध कोसळला. डॉक्टरांनी त्याला काखेत धरून बसवले.

पहिला निर्णय फिरवला गेला. प्रमाणपत्र मिळाले, सरकारी मासिक वेतन सुरू झाले, आणि कारखान्याला त्याला तपासणीच्या मेजापाशी परत बसवावे लागले. मात्र जखम खोलवर गेली होती. त्या पायाची दोन बोटे वाचवता आली नाहीत. न्याय आला तो असा, थोडासा उशिरा, आपला वाटा कापून घेऊन. आणि डाव्या पायाचे थरथरणे थांबलेले नाही. ते रोज मला थोडे अधिक कळते. आता ते हेमावतीबाईंनाही कळते, कारण संध्याकाळी त्या स्वतः माझे रबरी टोक धुतात, पुसतात, आणि मी त्याच्या काखेत राहूनच घरात येते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भिंत धरून चालत असेल, तर त्याच्या हसण्यावर विसंबू नका. "बरा आहेस ना?" एवढे विचारून पुढे जाऊ नका, जवळ बसा, त्याचा पाय हातात घेऊन पाहा. आणि त्याच्या दारातला आधार त्याच्या हाती द्या, तो मागेल याची वाट न पाहता.

ज्या बहिणीने आपले सोवळे बाजूला ठेवून भावाला वाचवले, तिचे देवघर सदैव उजळलेले राहो. ज्या भाचीने दाद मागितली, तिच्या शब्दाला बळ येवो. जो वृद्ध वैद्य जमिनीवर बसला, त्याची दृष्टी अशीच निर्मळ राहो. आणि माझ्या धन्याचे उरलेले प्रत्येक पाऊल, ज्याची त्याला स्वतःला जाणीव होत नाही ते पाऊलही, भूमातेने सांभाळून घ्यावे.