बाजाराला निघालेली जीप

गावात शिवणकामाचं आणखी एक प्रशिक्षण आलं आणि यादीत पहिलं नाव शिवणमावशीचं लागलं. मावशी तीस वर्षं मशीन चालवत होती. पण दर खेपेला नवं सरकारी खातं यायचं आणि त्याच्या लेखी ती नवशिकीच.

"परत कशाला जातेस?" नवऱ्याने विचारलं.

"जेवण देतात. शिवाय खोलीत पंखा आहे."

शहरातून आलेल्या शिक्षिकाबाईंनी फळ्यावर 'उद्योजकता' लिहिलं आणि मशीनला हात घातला. दोरा तीनदा तुटला. मावशीचे हात शिवशिवत होते. शेवटी ती उठलीच. "बाई, बॉबिन उलटी बसलीय."

तिसऱ्या दिवसापासून मावशी शिकवू लागली, बाई शिकू लागल्या. आठवडाभरात साठ फ्रॉक तयार झाले.

समारोपाला मोठे साहेब आले, डोंगराला वळसा घालून, जीपने. सोबत फोटोवाला. "काही अडचण?" त्यांनी विचारलं.

"साहेब, शिवायला घरोघरी येतं. घेणारं कोण? बाजार नदीपलीकडे, आणि पूल पडून नऊ वर्षं झाली. फ्रॉक डोक्यावर घेऊन पाण्यातून गेलं, तर विकायच्या आधीच धुऊन निघतात," मावशी म्हणाली.

बायका फिदीफिदी हसल्या. साहेबांनी गंभीरपणे वहीत लिहिलं. मावशीने मान लांब करून वाचलं : 'महिलांना विक्रीकौशल्याच्या प्रशिक्षणाची नितांत गरज.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गोड हसली. "मग आजच सुरू करू की! बाजाराचाच दिवस आहे. तुमच्या जीपमध्ये जागा आहे ना?"

फोटोवाल्याने कॅमेरा उचलला होता. साहेबांना नाही म्हणता येईना. साठ फ्रॉक, चार बायका आणि मांडीवर गाठोडं घेतलेले साहेब, अशी वरात बाजारात पोचली. संध्याकाळपर्यंत एकही फ्रॉक उरला नाही.

महिन्याभराने पत्र आलं. महिलांचा माल बाजारात उत्तम विकला जात असल्याने गाव स्वयंपूर्ण ठरलं होतं; सबब, पुलाची मागणी निकाली काढण्यात आली होती.

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "घ्या! आपल्याच पायावर धोंडा."

मावशीने कागद ओढला आणि साहेबांना उत्तर लिहायला घेतलं : 'गाव अजून फार अडाणी आहे. प्रशिक्षण दर महिन्याला लावावे. समारोप बाजाराच्या दिवशीच ठेवावा. आणि येताना मोठी गाडी आणावी.'