हाक मारायची नाही

धैर्यशीलला दोन मुलाखतींतून हात हलवत परत यावं लागलं होतं, आणि त्याच्या मते दोन्ही वेळा घात केला तो जिभेनं. साताऱ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला, केमिस्ट्रीत पहिला वर्ग. पण साहेबांनी काही विचारलं की तोंडातून 'व्हय' निसटायचं आणि घोडं तिथंच पेंड खायचं. त्याच्या खोलीवरचा मधु नुकताच एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा विक्री-प्रतिनिधी, म्हणून लागला होता; धैर्यशीललाही तीच नोकरी हवी होती. तो म्हणाला, "टाय लावून डॉक्टरांपुढं उभं राहायचंय गड्या. गावाकडचं सगळं गावाकडं ठेव."

हे धैर्यशीलनं इतकं मनावर घेतलं, की दिवाळीला पलूसजवळच्या घरी गेला तेव्हा घरच्यांना समोर बसवून सांगितलं, 'मी कुठं साहेबांबरोबर दिसलो तर मला हाक मारायची नाही.' कॉलेजानं पोराला एवढी अक्कल मात्र शिकवली होती. चुलते नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी नुसती मान हलवली. चुलती अंबूबाई हसली. आई गेल्यावर सहा वर्षांच्या धैर्यशीलला तिनंच पोटाशी धरलं होतं.

"मग सायबाची काकी म्हनून मी कवा मिरवायचं रं?"

"नोकरी पक्की झाल्यावर."

"बरं बाबा. तवर मी तुझी कुनी न्हाई," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पंच्याण्णवच्या जानेवारीत तिसरी मुलाखत आली. साताऱ्याच्या एका लॉजवर एरिया मॅनेजर आठल्ये साहेबांनी त्याची प्रमाणपत्रं चाळली. "कागद ठीक आहेत," ते म्हणाले. "उद्या सांगलीला माझ्याबरोबर ये. एका डॉक्टरांपुढं आपल्या टॉनिकवर बोलून दाखव. जमलं तर नोकरी तुझी." रात्रभर धैर्यशील आरशापुढे तीच आठ वाक्यं घोकत राहिला.

सांगलीच्या त्या दवाखान्यात चार-पाच पेशंट आत जाऊन आले की एक कंपनीवाला आत सोडायचा, अशी रीत होती. दोघे पोचले तेव्हा अकरा वाजले होते. बाकावर पहिल्याच नंबराला नाथाजी बसले होते आणि त्यांच्याशेजारी अंबूबाई. थंडीचे दिवस, तरी तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ काळसर पडले होते. तीन दिवस तिच्या छातीत कळा येत होत्या. धैर्यशीलला कुणी कळवलं नव्हतं, कारण पोराची मुलाखत आहे, त्याच्या जिवाला घोर नको, असं तिनंच ठरवलं होतं.

तिनं त्याला टायमध्ये पाहिलं. तिचा चेहरा खुलला, अन् लगेच तिनं पदर कपाळावर ओढून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आता कंपनीवाले," कंपाउंडर म्हणाला. "फौजी, तुम्ही बसा जरा. दहा मिनिटांत बाहेर येतील."

नाथाजी ताडदिशी उठले. अंबूबाईनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. धैर्यशीलला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला तिथल्या तिथं किळस आली. दहाच मिनिटं, मग विचारू काय होतंय ते, असं मनाशी म्हणत तो साहेबांच्या मागोमाग आत गेला.

आत तो सुरेख बोलला. एकदाही जीभ घसरली नाही. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं त्यानं दिली. मग चहा आला. डॉक्टर आणि आठल्ये शाळेपासूनचे दोस्त निघाले, आणि कुठल्या मास्तरांनी कुणाला बदडलं होतं याच्या गोष्टी सुरू झाल्या. धैर्यशीलचे कान दाराकडे लागले होते. उठावं, सांगावं, असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यानं टायची गाठ नीट केली आणि चहाचा घोट घेतला.

पंचवीस मिनिटांनी साहेब उठले. "सोमवारपासून ये कामावर," ते दारातच म्हणाले.

बाहेर अंबूबाईचं डोकं नाथाजींच्या खांद्यावर कललं होतं. नाथाजी हलले नाहीत. पुतण्याकडे बघून, शब्द जपून वापरत म्हणाले, "सायेब, डाक्टरास्नी वाईच बाहेर बोलवता का? तुमची वळख हाय. ही बोलंना झालीया."

"काकी," धैर्यशीलनं हाक मारली. तिच्या पायाशी बसून त्यानं तिचे खांदे हलवले, पुन्हा पुन्हा हाक मारली. डॉक्टर धावत आले, तिला आत टेबलावर घेतलं, छाती दाबून पाहिली, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं त्यांनी हात मागे घेतला आणि नाथाजींकडे बघून नुसती मान हलवली. नाथाजींनी तिचा पदर सारखा केला.

आठल्ये साहेब गोंधळून गेले होते. "तुझ्या कोण या?" त्यांनी हलकेच विचारलं.

"मला वाढवलं यांनी. काकी माझी."

साहेब माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"अरे, मग एक शब्द बोलायचास की," ते म्हणाले. "आधी त्यांनाच आत घेतलं असतं."

नाथाजी टेबलाच्या पलीकडेच उभे होते. त्यांनीही ते ऐकलं.