दोन थापा

वराळ्याच्या सखाराम आबांचं एकच पालुपद. "समुद्र न्हाई, जहाज न्हाई, आन् म्हणं डॉक! आगं पोरी, डॉक म्हंजी आमची मुंबईची गोदी. बोट धक्क्याला लागली की निस्ती धांदल उडायची. तुमच्या नवलाख उंबऱ्यात धक्क्याला काय लागतंय, म्हस?"

त्यांच्या नातीला, पायलला, याचा अस्सा राग यायचा! नवलाख उंबरे गावच्या गोदामात ती दोन वर्षं राबत होती. तिथला डॉक म्हणजे छातीएवढ्या उंचीचा सिमेंटचा ओटा. कंटेनर उलटा येऊन त्याला पाठ टेकवतो, आणि माल सरळ आतबाहेर होतो. ऐकायला सोपं आहे हो! पण ते लांबलचक धूड मागे घेताना वीतभर चुकलं, तर ओट्याचा कोपरा तरी जातो नाहीतर कुणाचा पाय. गाड्या लावून घेणारा सीताराम आता काम सोडून गावी निघाला होता. पायलनं ती जागा मागितली. सीतारामच्या जागी बाईमाणूस? अर्धं गोदाम फिदीफिदी हसलं. गोदामाचे मॅनेजर प्रदीप साहेब मात्र म्हणाले, "कुटुंब दिनाला सगळ्यांसमोर एक गाडी लावून दाखव. नीट लागली तर डॉक तुझा."

तो दिवस उजाडला आणि पायल पोहे तसेच टाकून निघाली. यार्डात पताका काय, वडापाव काय, पोरांचा कालवा काय! कामगारांची घरची माणसं दोरीमागे दाटीवाटीनं उभी. सगळ्यात पुढे आबा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, "बघू तर पोरीचा डॉक" म्हणत.

ड्रायव्हर माऊलीनं कंटेनर आत घेतला आणि पायलचं भान हरपलं. भीती पळाली, अंगात नुसती वीज! ती गाडीच्या कडेनं पळत होती, थापा मारत होती. इथली रीतच तशी. गोंगाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची. एक थाप, थांब. दोन थापा, घे मागे. थाप पडली की ड्रायव्हर मागेपुढे बघत नाही.

गाडी ओट्यासमोर सरळ आली. पायलनं एक थाप मारली. माऊली थांबला, इंजिन चालूच. आता कंटेनरची दारं उघडायची आणि मग गाडी टेकवायची. पायल गाडी आणि ओटा यांच्यामधल्या जागेत शिरली. एक दार उघडून तिनं कडेला अडकवलं.

आणि नेमके तेव्हाच आबा दोरीखालून आत आले. आता याला काय म्हणावं! त्यांना कंटेनरचा खालचा पत्रा दिसला होता, खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला. "आरं, ह्यो तर जहाजावरनं आलाय!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. गोदीत माल उचलायच्या आधी त्यावर प्रेमानं हात मारायची त्यांची जन्माची सवय. त्यांनी मारला.

दोनदा.

गाडी मागे सरकली. पायलच्या पाठीला ओटा, समोरून येणारा पत्रा, आणि बाजूला पळायला वेळच नाही. ओरडून उपयोग नव्हता. तिनं डोक्यावरचं हेल्मेट उपसलं आणि बंद दारावर जीव खाऊन आदळलं. एकदाच. ठण्ण!

फुस्स करून ब्रेक लागले. दार तिच्या नाकापासून हातभरावर थांबलं.

ती बाहेर आली. माऊली उडी टाकून खाली आला. "ताई, दोन थापा पडल्या हो! शप्पथ!"

"म्या मारल्या," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

प्रदीप साहेब धावत आले. "बास झालं. पुढचं सीताराम बघेल."

गेला डॉक! आबांना बघून पायलला रडूही येत होतं आणि संतापही अनावर झाला होता. पण डॉकवर आजोबा कुठले, नात कुठली!

"आबा, दोरीच्या मागं व्हा! आत्ताच्या आत्ता!" असं ती आबांवर आयुष्यात कधी ओरडली नव्हती. आबा दोरीमागे गेले. "माऊली, इंजिन बंद. चावी आण इकडं. मी गाडीमागं असेन तवा चावी माझ्या खिशात, आजपासनं." मग ती साहेबांकडे वळली. "सर, गाडी माझ्या हातात अर्धी लागलीये. अर्धी टाकून मी जाणार नाही."

साहेब बाजूला झाले.

पायलनं दुसरं दार उघडून अडकवलं, बाहेर येऊन चारी बाजू बघितल्या आणि मगच चावी परत दिली. दोन थापा. गाडी इंच इंच मागे आली. अजून दोन. मग ओट्याच्या रबराला कंटेनर असा टेकला की चरासुद्धा उमटला नाही. एक थाप! दोरीमागे शिट्ट्यांचा पाऊस पडला. परवा हसणारेच सगळ्यात जोरात ओरडत होते. पायल तर आनंदानं नाचायचीच बाकी होती.

"उद्यापासून डॉक तुझा," साहेब म्हणाले. "आणि ती चावीची रीत सगळ्यांना लागू."

पायलनं वळून पाहिलं. सगळे वडापावकडे पांगले होते. आबा एकटेच दोरीपलीकडे उभे होते, हात मागे बांधून.

"येऊ का आत," त्यांनी विचारलं, "मुकादम?"

पायल दोरीपाशी गेली. तिनं दोरी वर उचलून धरली.

"या. पण गाडीला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," आबा म्हणाले आणि वाकून आत आले.