चंद्रीची संमती

जपानला जाणाऱ्या बारा मुलांपैकी अकरा जणांची संमतिपत्रे क्रांतीबाईंच्या पिशवीत होती. बारावे, तमन्नाचे, संध्याकाळी सहापर्यंत शाळेत पोहोचले नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती. वारणानगरला वीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेल्या क्रांतीबाईंनी या दहा दिवसांच्या शालेय सहलीत मुलांसोबत जायला स्वतःहून नाव दिले होते. म्हणून पाच वाजता त्या गंगावेशीमागच्या गोठ्यात, तमन्नाची आई रोशनबी हिच्यासमोर उभ्या होत्या.

“कागद कुणीबी आणतंय,” रोशनबी म्हणाली. “दहा दिवस पोर तुमच्या हातात ऱ्हाणार. आधी चंद्रीजवळ बसा. तिनं पान्हा सोडला तर सही.”

“आणि नाही सोडला तर?”

“तर जपान हितनं लई लांब हाय, बाई.”

रेडकू गेल्यापासून चंद्री म्हैस परक्या माणसासमोर पान्हा चोरायची. रोशनबीने गोठ्यातला प्रत्येक गडी, आणि एकदा थोरलीसाठी आलेला मुलगासुद्धा, तिच्याशेजारी बसवून पारखला होता. ते स्थळ मोडले होते.

“अम्मी, डॉक्टरलाबी लाथ घातलीया हिनं,” सातवीतली तमन्ना वैरणीआडून म्हणाली.

“डॉक्टर सुई घिऊन आलता.”

क्रांतीबाई बसल्या. एक म्हैस, एक निरीक्षण, तुलनेला दुसरे काही नाही. यातून काढलेल्या निष्कर्षाला त्यांनी विद्यार्थ्याला शून्य गुण दिले असते. त्यांनी सडाला हात लावला. चंद्रीची कातडी थरथरली. कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. पाच मिनिटे गेली, सात गेली.

“बाई, तुम्ही घड्याळ बघताय,” रोशनबी म्हणाली. “ती तुमास्नी बघतिया.”

तमन्नाने वैरण खाली ठेवली आणि ओढणीने हात पुसत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ते पाहून क्रांतीबाईंच्या तोंडून निघून गेले, “भाभी, मी कधी विमानात बसलेली नाही. विमानतळावर एखादं मूल हरवलं तर काय, या विचारानं चार दिवस जेवण जात नाही.”

“मग जाताय कशाला?”

“तमन्नानं मला विचारलं, तिथली गुरं कुठल्या हाकेला ओ देतात. मला माहीत नव्हतं. ती शोधायला निघाली तर कुणीतरी मागं असावं, एवढंच.”

तमन्ना जवळ आली. “मॅडम, डोकं टेकवा तिला. अम्मी अशीच बसते.”

क्रांतीबाईंनी कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकवले. आत मोठे, संथ काहीतरी चालले होते: रवंथ, श्वास, आणि त्याखाली खोल पडणारे हृदयाचे ठोके. ते मोजायला त्या विसरल्या.

मग तळहाताखाली कास भरू लागली. सैल कातडी आतून ताणली गेली, सड टणक आणि गरम झाले, आणि त्यांनी बोटे आवळण्याआधीच एक थेंब मनगटावर पडला. मेंदूपासून कासेपर्यंतचा आकृतीतला तो बाण त्यांनी फळ्यावर दोनशे वेळा तरी काढला असेल. संप्रेरकाचे नाव, लागणारे सेकंद, सारे त्यांना पाठ होते. कदाचित म्हशीला फक्त वेळ हवा होता. ही शक्यता त्यांनी आताही सोडली नव्हती. पण बाणाला ऊब असते, आणि तो एवढ्या मोठ्या अंधाऱ्या देहातून वाट काढत आपल्या हाताशी येऊन थांबू शकतो, हे फळ्यावर कुठेच नव्हते.

पहिली धार बादलीत वाजली. चंद्रीने मान वळवून एकदा पाहिले आणि पुन्हा चघळू लागली.

“कुठं करायची सही?” रोशनबीने विचारले.

क्रांतीबाईंनी हनुवटीने पिशवी दाखवली.

“पिशवीत निळा कागद हाय, अम्मी,” तमन्ना म्हणाली आणि तिनेच तो काढून दिला. रोशनबीने भिंतीला टेकवून, अक्षर अक्षर जुळवत सही केली.

“मॅडम, पावणेसहा वाजले. निघायचं न्हवं का?”

“निघू,” क्रांतीबाई म्हणाल्या. हात त्यांनी काढला नाही.