आठ व्होल्टवरची माझी परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. पाय सोळा, पण आयुष्यात एक पाऊलही टाकलेले नाही! बॅटरीची वीज रेडिओला हवी तशी करून देणाऱ्या डब्यात मी बसते. माझ्या हाताखाली दोन स्विच. आधी डावा, मग उजवा. दोन्ही एकदम लागले तर धूरच! म्हणून मध्ये क्षणभर मी दोघांनाही गप्प बसवते. हे सेकंदाला लाख वेळा. मोजत बसाल तर म्हातारे व्हाल, मी झालेच.

माझा जन्म वाळूतून. मला भट्टीत घातले तेव्हा सूर्य घाम पुसत बाजूला झाला, असे माझी भावंडे सांगतात. ती थापा मारत नाहीत, फार तर थोडे वाढवतात.

नॉर्वेत, वार्दो बंदरावर, तुर्बियर्ग नावाच्या इंजिनिअरबाईंना बचाव-बोटीच्या रेडिओसाठी चिप निवडायची होती. तीन सारख्या डब्यांत आम्ही तिघी बसलो. पहिली स्वस्त होती. तिने दोन्ही स्विच एकदम लावले. खिडक्या उघडाव्या लागल्या. दुसरी नवीकोरी, वीज जराही वाया न घालवणारी. टेबलावर ती तीन दिवस बिनचूक चालली. बाई कागदावर तिचे नाव लिहिणार, एवढ्यात बोटीचा इंजिन-मिस्त्री सिगवार्ट वॅफलवर, म्हणजे जाळीदार गोड धिरड्यावर, तपकिरी चीज ठेवत म्हणाला,

"बोटीवर लावून बघितलीस?"

"तीन दिवस चाललीय, सिगवार्ट."

"टेबलावर! तुझं टेबल थंडीत इंजिन सुरू करतं का गं?"

"तू वॅफल खा."

"खातोय. पण खडकाजवळ रेडिओ गेला, तर बंदराला काय शिट्टी मारून बोलावू?"

बाईंनी कोट चढवला.

धक्क्यावर उणे अठरा अंश. नवीचा डबा बोटीवर लावून सिगवार्टने किल्ली फिरवली. इंजिनाने एवढी वीज ओढली की बॅटरी बारा व्होल्टवरून आठवर आली. नवीचा नियम असा, की नऊच्या खाली काम बंद. रेडिओ मुका झाला.

"आणि मी हिचं नाव लिहीत होते," बाई पुटपुटल्या.

सिगवार्ट हसला नाही. "म्हातारीला बसव."

मी सातपर्यंत तग धरते. इंजिन कण्हले, मी थरथरले. पण डावा, उजवा, डावा, उजवा. रेडिओवर बंदरातला माणूस बोलतच राहिला. कागदावर माझे नाव आले.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, खडकांजवळ बोटीचे इंजिन बंद पडले. सिगवार्टने पाच वेळा किल्ली फिरवली. पाचही वेळा बॅटरीला धाप लागली, आणि त्यातच तो बंदराला आपली जागा सांगत होता. त्याचा एक शब्दही तुटला नाही. दुसरी बोट आली आणि आमच्या बोटीवरची सहाही माणसे घरी गेली.

मित्रांनो, आम्हाला निवडताना टेबलावर पारखू नका. कामाच्या जागी, वाईट दिवशी पारखा. आणि निवडल्यावर वर्षातून एकदा डबा उघडून समुद्राच्या वाऱ्याने आत साचलेले मीठ पुसा. तुर्बियर्गबाई दर शरद ऋतूत स्वतः येऊन पुसतात, आणि तेवढा वेळ सिगवार्ट त्यांच्यासाठी विजेरी धरून उभा असतो.