अंजनाबाईच्या गळ्यातला चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. चुलीवरचा नव्हे; पायातला काटा काढायचा, बोटाएवढा. कुरखेड्याच्या बाजारात डोमा लोहाराने तुटक्या करवतीच्या पात्याचा तुकडा तापवून वाकवला, टोके घासली आणि मला अंजनाबाईच्या हातावर ठेवले. तेव्हापासून मी तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होतो.

मित्रांनो, आमच्या गावात मोहफुलाला, तेंदूपत्त्याला सगळेच रानात जातात. संध्याकाळी ते अंजनाबाईच्या ओट्यावर पाय पसरून बसत. "बाईचा हात लागला का काटा दुखतच नाई," असे म्हणत. ऐकून मी फुगून जाई.

गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेजारच्या कोलूच्या पोटरीवर गळू आले. दवाखान्याच्या गोळ्यांनी ठणका जरा कमी होताच त्याने उरलेल्या गोळ्या छपरात खोचून ठेवल्या. गळू पुन्हा भरले. अंजनाबाईने ते माझ्या टोकाने फोडले आणि मला पदराला पुसले. त्याच संध्याकाळी तिने आपल्या नातीच्या, ललिताच्या गुडघ्यातला बोरीचा काटा काढला. ललिता आठवीत होती, शाळेत धावण्यात पहिली.

तिसऱ्या दिवशी गुडघा लाल होऊन सुजला. कोलू मायेनेच आला. "माह्या गोळ्या उरल्या हायेत. कायले पोरीले घेऊन तालुक्याले जाता?"

त्या गोळ्यांत दोन दिवस गेले. ताप चढला. उपकेंद्रातल्या सत्यशीला सिस्टरने गुडघा पाहिला आणि लगेच गाडी बोलावली. रुग्णालयात डॉक्टरांनी पू काढून तपासायला पाठवला. नेहमीचे औषध त्या जंतूंवर चालतच नव्हते. डॉक्टरांनी औषध बदलले. आणखी उशीर झाला असता तर हाड नासले असते, म्हणाले.

कोलूचे गळू आठवून अंजनाबाईने मला गळ्यातून काढले आणि रुग्णालयात सोबत आलेल्या सिस्टरपुढे धरले. "सिस्टर, याले नदीत फेकू का?"

"ललिताले याच्यानंच झालं, असं ठासून नाई सांगता येत," सिस्टर म्हणाली. "पण बाई, पू लागलेला चिमटा पदराले पुसून जंतू जात नाईत. अन् कोलूभाऊच्या गोळ्या कोलूभाऊलेच होत्या."

मला आजवर वाटे, मी फक्त काढतो. मी काही ठेवूनही जातो, हे मला ठाऊक नव्हते.

अंजनाबाईने मला फेकले नाही. गावात परतली तशी घरोघरी गेली. "माह्याकडून चूक झाली. कोणाले गळू असन तं दवाखान्यात दाखवा."

कोलू हसला. "बाई आता डॉक्टरीण झाली वाटते."

"नाई झाली, म्हणून तं तुले तिकडे धाडून राह्यली. चाल, उठ."

तिने त्याला उपकेंद्रात नेलेच. जखमेवर स्वच्छ पट्टी बांधली गेली, आणि यावेळी सांगितलेल्या सगळ्या गोळ्या त्याने संपवल्या. गावातली रुखमाबाई मात्र रुसली; तिलाही गळू झाले होते. "फोडून दे ना, लय ठणकते," म्हणत ती आली होती. "काटा असन तं ये, गळवाले माहा हात नाई लागत," असे ऐकून तणतणत गेली. शेवटी उपकेंद्रातच गेली. पण अंजनाबाईशी महिनाभर बोलली नाही.

ललिता घरी आली ती लंगडत. दिवाळीनंतर सरळ चालू लागली आणि एके दिवशी शाळेतून येताना तिच्या तळपायात काटा रुतला. तिने तो पाय आजीपुढे केला. अंजनाबाईचा हात गळ्याकडे गेला. तिथे दोरा नव्हता. मी आता चुलीजवळ खुंटीला असतो.

तिने भगोण्यात पाणी ठेवून मला त्यात सोडले. साबणाने हात धुतले, पोरीचा पाय धुतला.

"आजी, दुखून राह्यलं. काढ ना लवकर."

"दुखू दे. पाणी उकळून राह्यलं."

पाण्यात मी खडखडत होतो. बऱ्याच वेळाने तिने मला काढले, निवू दिले, आणि एका ओढीत काटा बाहेर आला. मित्रांनो, गळू फोडू नका. झाकून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. आणि मला घाईने कोणाच्या अंगाला लावू नका. तेवढा वेळ काटा थांबतो.

दुसऱ्या दिवशी पाय तसाच होता. ना लाली, ना सूज. ललिता धावत शाळेत गेली.