पांढरी रेघ

“दात किती आले गं तुला?” समोरच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

प्रश्न ठकीला होता, टोमणा तिच्या आईला. ठकीचं टोमणे कळायचं वय नव्हतं. तिनं तोंड बाजूला केलं, ओठ पुसले आणि खरं ते सांगितलं, “वीस.” मग पुन्हा आईच्या निळ्या डगल्यात शिरली.

बसमध्ये खसखस पिकली. बाईंना तेवढ्यानं भागेना.

“केवढी आहे ही?”

“साडेचार.”

“म्हणजे शाळेत जायच्या वयाची झाली की. अहो, चार लोकांत बरं दिसतं का हे? उद्या दप्तर घेऊन येईल आणि म्हणेल, आई, आधी पाज.”

“पुढच्या वर्षी जाणार आहे शाळेत,” ठकीची आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खरं तर तिला सांगायचं होतं की ही सकाळपासून तापल्यासारखी आहे, काही खाल्लेलं नाही, आणि तुमचं तोंड तुम्ही खिडकीकडे करू शकता. पण भांडायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. पलीकडच्या रांगेतला एक तरुण फोन उंच धरून बसला होता. त्याला रेंज मिळत नसेल, असं तिला वाटलं.

तिला सगळे टाकेबाई म्हणत. बसच्या डेपोतल्या शिवणखात्यात ती फाटलेल्या सीट शिवत असे, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जाड रेक्झिनमधून तिची सुई अशी जायची की फाटलं होतं कुठे ते शोधावं लागावं. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे रांगेत ठेवलेल्या सीट तपासायच्या. शिवण्यासारखी असेल तर पांढऱ्या खडूनं रेघ. शिवण्यापलीकडे गेलेली असेल तर लाल खडूनं फुली. पांढऱ्या रेघेची सीट मशीनकडे यायची, लाल फुलीची मागच्या अंगणात. शुक्रवारी लॉरी यायची आणि लाल फुलीवाल्या सगळ्या भंगारात घेऊन जायची.

घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून ठकी रोज तिच्याबरोबर यायची आणि मशीनच्या टेबलाखाली चिंध्यांचं घर मांडून बसायची. शुक्रवारी मात्र ती अंगणात उभी राहून प्रत्येक सीटला हात हलवून निरोप द्यायची. “हिला आता नाहीच का शिवणार?” ती विचारायची. “नाही गं, हिचं संपलं,” आई सांगायची. सीटचे सांगाडे जोडणारे म्हातारे मिस्त्री हसून म्हणायचे, “बाई, तुमच्यापेक्षा तुमच्या मदतनिसाचा जीव जास्त अडकलाय सीटमध्ये.”

सोमवारी बसमध्ये ते झालं. मंगळवारी डेपोच्या साहेबानं बोलावलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि मग टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. पडद्यावर तीच होती. चेहरा अर्धा, छाती अर्धी, आणि ठकीचे लोंबकळणारे पाय. पाय फार लांब दिसत होते. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. तिनं दोन ओळी वाचल्या आणि फोन उलटा ठेवला.

“माझी काही हरकत नाही,” साहेब खिडकीकडे बघत म्हणाला. “मलाही मुलं आहेत. पण डगल्यावर डेपोचं नाव आहे ना, बाई. वर तक्रार गेलीये. पुन्हा काही आलं तर मुलीला आत आणता येणार नाही. माझे हात बांधलेले आहेत.”

“मग तिला ठेवू कुठे?”

“ते बंद करा म्हणजे प्रश्नच मिटला.”

बुधवारी संध्याकाळी नवरा घरी आला. तो लांबच्या गाडीवर ड्रायव्हर होता, चार-चार दिवस बाहेर असायचा. एरवी आल्याआल्या ठकीला खांद्यावर घेऊन घरभर हॉर्न वाजवत फिरणारा माणूस, आज बूट न काढता खाटेवर बसला. तो बोलेपर्यंत तिनं दोनदा चहा गरम केला.

“कॅन्टीनमध्ये बसलो होतो,” तो म्हणाला. “शेजारच्यानं फोन दाखवला. सगळे हसत होते. आधी मला ओळखूच आलं नाही. मग सीट दिसली. कडेला तुझे टाके.”

तिनं चहा कपात ओतला.

“मी त्याला म्हटलं नाही, की ही माझी बायको आहे म्हणून.” तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. “मी पण हसलो गं थोडं. सगळे हसत होते ना.”

तिला वाटलं, याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. ठकीच्या वेळी काय काय झालं होतं ते त्याला माहीत होतं. डॉक्टरनं त्याच्यासमोरच सांगितलं होतं, आता दुसरं मूल होणार नाही. तेव्हापासून ठकीचं पिणं सोडवायचं तिच्या जिवावर यायचं. आज नको, या महिन्यात नको, दाढा आल्यावर बघू. ठकी प्यायची तेव्हा तिला आपलं अंग कशाला तरी उपयोगी पडल्यासारखं वाटायचं. ठकीचं पिणं सुटलं की ते कायमचं सुटणार होतं. पण हे कोणाला सांगणार? बसमधल्या बाईंना?

“बंद कर आता,” नवरा म्हणाला. “माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी. मोठी झाल्यावर हे बघेल ती.”

ठकीला नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं, ती हट्टाला पेटली असती. गुरुवारी सकाळी, ठकी उठायच्या आत, तिनं डगल्याच्या खिशातला लाल खडू काढला, पाण्यात बुडवला आणि आरशासमोर उभं राहून दोन्हीकडे फुली काढली. हात सवयीनं चालला, रेघा सरळ आल्या. तिनं विचार केला तो एवढाच की लाल रंग जखमेसारखा दिसेल. त्या खडूचा ठकीच्या लेखी दुसरा काही अर्थ असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. रोज हाताखालून जाणारी वस्तू माणसाला कुठे दिसते?

ठकी उठली, डोळे चोळत मांडीत आली, डगला बाजूला केला आणि थबकली.

“ही कोणी काढली?”

“काढली नाही गं. बाऊ झालाय. आता नाही प्यायचं.”

आई रडारडीची वाट बघत होती. ठकी रडली नाही. तिनं फुलीकडे खूप वेळ बघितलं, बोट लावलं, बोटाचा रंग पाहिला. मग हळूच विचारलं, “मी जोरात ओढलं म्हणून का?”

“हो,” आई म्हणून गेली. सुटका झाली असं तिला वाटलं, ठकीनं मनावर घेतलं तर चारच दिवसांत सुटेल. त्या एका शब्दाबद्दल तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या दिवशी ठकीनं एकदाही मागितलं नाही. शुक्रवारी सकाळी आईनं पुन्हा फुली काढली, तर तिनं नुसतं बघून मान खाली घातली. आईची छाती दगडासारखी झाली होती. मशीनवर वाकताना कळ यायची. ती मनाशी म्हणत होती, शहाणी आहे पोर, किती सहज सुटलं.

अकराला अंगणात लॉरी आली. ठकी निरोप द्यायला गेली नाही. टेबलाखाली बसून तिनं आईचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“काय गं, टाटा नाही करायचा?”

ठकीनं मान हलवली.

लॉरीवाला दारात येऊन डोकावला. “मिस्त्री, लाल काही राहिलंय का आतमध्ये?”

मिस्त्री उत्तर देणार, तेवढ्यात टेबलाखालून ठकी मोठ्यानं म्हणाली, “नाही. लाल काही नाही राहिलं. जा तुम्ही.”

लॉरीवाला हसला. मिस्त्री हसले. ठकी सरपटत बाहेर आली, आईच्या मांडीवर चढली आणि डगल्याचं वरचं बटण लावू लागली. बटण लागेना.

“सांगू नको हं त्याला,” ती आईच्या कानात म्हणाली. “असं बंद ठेव. मग नाही नेणार.”

दोन दिवस पोर काय ओझं घेऊन फिरत होती ते आईला आत्ता समजलं. बाहेर लॉरीचं फळकूट खटकन लागलं, आणि ठकीनं आईच्या गळ्याला मिठी मारली ती लॉरीचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत.

शिवलेल्या सीटच्या थप्पीमागे एक कोपरा होता. आई तिला तिथे घेऊन गेली. चिंधी ओली करून तिनं दोन्ही फुल्या खसाखसा पुसल्या. “बघ, गेली. खोटी होती ती. आईनंच काढली होती. आईला काही झालेलं नाही, आणि तू काही केलेलं नाहीस.” मग साहेब, नवरा, बसमधली बाई, सगळ्यांना बाजूला सारून ती म्हणाली, “ये. पी.”

ठकीला हवं होतं. तिचे ओठ हलले सुद्धा. पण ती एक पाऊल मागे सरकली.

“नको. आणखी फाटशील.”

आईनं समजावलं, शपथ घेतली, शेवटी रडली. ठकीनं ऐकून घेतलं, मोठी माणसं लहानांचं ऐकून घेतात तसं. मग आईच्या खिशात हात घालून तिनं पांढरा खडू काढला, डगला नीट बंद केला, आणि जीभ दाताखाली धरून छातीवर एक लांब रेघ ओढली. थोडी वाकडी आली.

“आता तू शिवायची आहेस,” ती म्हणाली.

मिस्त्री दोरा मागायला आले होते. ते न मागताच परत गेले.

संध्याकाळच्या बसमध्ये त्याच बाई होत्या. शेजारी झोपलेल्या ठकीकडे त्यांनी पाहिलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. “सोडवलंत वाटतं? छान केलंत. जरा जड जातं, पण होतं.” मग पुढे वाकून म्हणाल्या, “डगल्याला खडू लागलाय तुमच्या. झटका.”

“असू दे,” ठकीची आई म्हणाली.

बस खड्ड्यातून गेली. दोन दिवसांचं दूध आपोआप पाझरलं, डगल्यावर ओला डाग पसरत गेला आणि रेघेचं एक टोक त्यात दिसेनासं झालं. बाईंनी घाईनं नजर फिरवली. टाकेबाईनं डाग झाकला नाही. तिनं खिशातून पांढरा खडू काढला आणि सगळ्यांच्या देखत, पुसट झालेली रेघ कोरड्या कापडापर्यंत पुढे ओढली. ठकी उठेल तेव्हा तिला ती दिसायला हवी होती.